हृदय थांबल्यानंतर दान झालेलं यकृत: टिकवायचं कसं, पारखायचं कसं

अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या एका तरुण डॉक्टरांचा प्रश्न आहे: हृदयक्रिया थांबल्यानंतर दान झालेलं यकृत हल्ली यंत्रावर ठेवून तपासतात. यंत्रावर लॅक्टेट, म्हणजे ऑक्सिजन कमी पडला की साचणारं आम्ल, उतरलं की ते यकृत निर्धास्तपणे वापरायचं का? आणि यंत्रं आल्यावर बर्फाच्या पेटीची गरज उरली आहे का?

पहिल्याचं उत्तर 'नाही', आणि दुसऱ्याचं 'हो, अजून आहे'. गेली बरीच वर्षं मी अशी यकृतं काढतो, आणतो, यंत्रावर लावतो आणि कधी कधी जड मनाने नाकारतो. त्या अनुभवातून सविस्तर लिहितो, कारण लॅक्टेटवर विसंबून झालेल्या चुकीची किंमत रुग्ण सहा महिन्यांनी मोजतो, आणि तोवर शस्त्रक्रियेच्या रात्रीचा तो आकडा सगळे विसरलेले असतात.

आधी हे यकृत कोणत्या वाटेने आपल्यापर्यंत येतं ते पाहू. मेंदूमृत दात्याचं हृदय चालू असतं, त्यामुळे थंड द्रावण आत जाईपर्यंत यकृताला रक्त मिळत राहतं. डीसीडी म्हणजे रक्ताभिसरण थांबल्यानंतरचं दान, त्यात मात्र मधे एक उपासमारीचा पट्टा येतो. पुढच्या उपचारांचा उपयोग नाही, हा निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी कुटुंबाबरोबर आधीच घेतलेला असतो. प्रत्यारोपणाच्या टीमचा त्यात काडीचाही सहभाग नसतो, आणि नसायलाच हवा. व्हेंटिलेटर आणि रक्तदाबाची औषधं काढली जातात. रक्तदाब उतरतो, ऑक्सिजन घटतो, हृदय थांबतं. मग हात न लावता थांबायचं, पुष्कळ देशांत पाच मिनिटं, इटलीत तर वीस. त्यानंतर मृत्यू घोषित होतो आणि मगच आम्ही पुढे होतो. पाच मिनिटांच्या या थांब्यामागे आता चांगला आधार आहे. कॅनडा, झेक प्रजासत्ताक आणि नेदरलँड्समधल्या ६३१ रुग्णांच्या नोंदी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाल्या. उपचार काढल्यावर नाडी थांबून नंतर हृदयाची हालचाल पुन्हा दिसली, अशा रुग्णांत मधला सर्वांत लांब खंड ४ मिनिटं २० सेकंदांचा होता.

डीसीडीला बरेच जण नवं समजतात, पण सुरुवात तिथूनच झाली. अमेरिकन सर्जन थॉमस स्टार्झल यांनी डेन्व्हरमध्ये १९६३ साली माणसात यकृत प्रत्यारोपणाचा पहिला प्रयत्न केला, तेव्हा मेंदूमृत्यूचे निकषच नव्हते. हार्वर्डच्या समितीने ते मांडले १९६८ मध्ये. पुढे दाते मेंदूमृत मिळू लागले तसा डीसीडीचा मार्ग मागे पडला. १९९५ मध्ये मास्ट्रिख्टच्या परिषदेतून डीसीडी दात्यांचे चार वर्ग ठरले. मी इथे बोलतोय तो तिसरा वर्ग, उपचार काढल्यानंतर अपेक्षेप्रमाणे हृदय थांबलेला दाता.

आता घड्याळ. नवीन माणूस व्हेंटिलेटर काढल्यापासून मिनिटं मोजतो. यकृताला तो हिशोब कळत नाही. समजा, एका दात्याचा रक्तदाब चाळीस मिनिटं ११० वर टिकला आणि नंतर तीन-चार मिनिटांत सगळं थांबलं. दुसऱ्या दात्याचं हृदय पंचवीस मिनिटांतच थांबलं, पण त्यातली वीस मिनिटं रक्तदाब ४० ते ४५ वर रेंगाळला होता. कागदावर दुसरा बरा दिसतो. मी पहिल्याचं यकृत घेईन. आम्ही मोजतो तो 'फंक्शनल वॉर्म इस्केमिया', म्हणजे वरचा रक्तदाब ५० च्या खाली गेल्यापासून थंड द्रावण आत जाईपर्यंतचा वेळ. काही केंद्रं ऑक्सिजनची पातळी घसरल्याचीही मर्यादा त्यात धरतात. हा वेळ तीस मिनिटांपुढे गेला की बहुतेक ठिकाणी भुवया उंचावतात. ब्रिटनमध्ये वापरात असलेल्या डीसीडी जोखीम-गुणांकातही वीस आणि तीस मिनिटांचे टप्पे आहेत, आणि त्यांच्या जोडीला दात्याचं वय आणि वजन, थंड अवस्थेतले तास, घेणाऱ्याचं वय, त्याच्या आजाराची तीव्रता आणि त्याचं हे दुसरं प्रत्यारोपण आहे का, हे सगळं धरलं जातं.

या मिनिटांत पेशीच्या आत काय घडतं हे समजून घेतलं की पुढची सगळी यंत्रं आपोआप उलगडतात. ऑक्सिजन संपला की मायटोकॉन्ड्रियातली, म्हणजे पेशीच्या वीजघरांतली, ऊर्जानिर्मिती थांबते, एटीपी या इंधनाचा साठा संपतो आणि सक्सिनेट नावाचं रसायन साचत जातं. तेवढ्याने पेशी लगेच मरत नाही. घात होतो तो ऑक्सिजन परत येतो तेव्हा. ३७ अंशांवर अचानक रक्त मिळालं की साचलेलं सक्सिनेट झपाट्याने जळतं, इलेक्ट्रॉन उलट्या दिशेने मायटोकॉन्ड्रियाच्या पहिल्या प्रथिन-संकुलाकडे ढकलले जातात आणि तिथे घातक ऑक्सिजन-रेणूंचा लोंढा सुटतो. म्हणजे उपासमारीत पाया भुसभुशीत होतो आणि भिंत पडते ती जेवण वाढल्यावर. हे ध्यानात ठेवा, कारण कोणत्या तापमानाला ऑक्सिजन परत द्यायचा या प्रश्नावरच आजचे सगळे मतभेद उभे आहेत.

यकृतपेशी बऱ्यापैकी सोशिक असतात. पोर्टल शीर आणि यकृत धमनी अशा दोन वाटांनी त्यांना रक्त येतं, आणि मेलेल्या पेशींची जागा उरलेल्या पेशी भरून काढतात. पित्तनलिकांचं तसं नाही. त्यांच्याभोवतीचं बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं जवळजवळ पूर्णपणे धमनीवर जगतं. रक्तदाब कोसळला की आधी उपाशी राहतं ते हे जाळं. रक्त थांबल्यावर त्या वाहिन्यांत ते गोठून बसतं आणि नंतर सोडलेलं थंड द्रावण तिथवर पोचतच नाही. त्यात नलिकेत उरलेलं पित्त. निरोगी नलिकेच्या पेशी बायकार्बोनेट सोडून स्वतःवर एक क्षारीय थर राखतात आणि पित्ताम्लांपासून वाचतात. ऊर्जा नसली की तो थर राहत नाही, आणि मग जे पित्त वाहून न्यायचं तेच नलिकेला आतून जाळतं.

नलिकेचं वरचं अस्तर तर प्रत्यारोपणाच्या वेळी बहुतेक यकृतांत सोललेलंच सापडतं, पुढे वर्षानुवर्षं उत्तम चालणाऱ्या यकृतांतसुद्धा. फरक खोलवर असतो. नलिकेच्या भिंतीत छोट्या ग्रंथी असतात. त्या आणि त्यांच्याभोवतीच्या रक्तवाहिन्या शाबूत असल्या, तर त्या ग्रंथींमधल्या पेशी वर येऊन नवं अस्तर धरतात. त्याही गेल्या असल्या, तर तिथे व्रण धरतो, नलिका आक्रसते. रुग्ण पहिल्या आठवड्यात छान असतो. रक्त गोठण्याच्या चाचण्या सुधारतात, तो चालत घरी जातो. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात अंगाला खाज सुटते, डोळे पिवळे होतात, थंडी वाजून ताप येतो. मग एंडोस्कोपी, स्टेंट, स्टेंट बदलणं, पुन्हा जंतुसंसर्ग, आणि काहींच्या वाट्याला दुसरं प्रत्यारोपण. यालाच आम्ही इस्केमिक कोलँजिओपॅथी म्हणतो. डीसीडी यकृताची खरी भीती हीच आहे, आणि म्हणून माझ्या मते टिकवण्याची आणि पारखण्याची प्रत्येक पद्धत एकाच प्रश्नावर घासून पाहायला हवी: पित्तनलिकांचं काय?

आता बर्फाची पेटी. चार अंशांवर यकृताचा चयापचय साधारण दहाव्या हिश्श्यावर येतो. मंदावतो, थांबत नाही. १९८० च्या दशकात फोल्कर्ट बेल्झर आणि जेम्स साउदर्ड यांनी विस्कॉन्सिन विद्यापीठात जे द्रावण बनवलं, त्याने यकृत प्रत्यारोपणाची दुनिया बदलली. थंडीत पेशी पाणी ओढून फुगतात. त्याला आवर घालायला त्यात लॅक्टोबायोनेट आणि रॅफिनोज आहे, घातक ऑक्सिजन-रेणूंसाठी ग्लुटाथायोन आणि अ‍ॅलोप्युरिनॉल, ऊर्जेच्या पुनर्बांधणीसाठी अ‍ॅडेनोसिन. मेंदूमृत दात्याच्या यकृताला पेटीत बारा तासही चालून जातात. डीसीडी यकृत मात्र पेटीत जातानाच कर्ज घेऊन जातं. सहा तासांच्या पुढे मला अस्वस्थ व्हायला होतं, आणि आठ तासांनंतर निव्वळ पेटीतून आलेलं डीसीडी यकृत मी लावत नाही.

तरीही पेटी हवीच. दात्याच्या रुग्णालयातून यकृत बहुतेक वेळा तिच्यातूनच निघतं. यंत्र अनेकदा आपल्याकडे असतं, तिथे नसतं. शिवाय यंत्र बिघडलं तर परतायचं कुठे? यंत्रं थंड आणि ३७ अंशांची अशी दोन्ही असतात, त्यांच्याबद्दल पुढे येईलच. थंड यंत्राचा पंप थांबला तर यकृत थंड द्रावणातच असतं, म्हणजे आपोआप पेटीतल्यासारखं. ३७ अंशांच्या यंत्राचा पंप थांबला तर ते पुन्हा वॉर्म इस्केमिया, तोच शत्रू ज्याच्यापासून आपण पळत होतो. यंत्र निवडताना हा मुद्दा लोक फार हलक्यात घेतात. उष्ण यंत्राशेजारी रात्रभर जागं राहणारं, नळीला पीळ पडलाय की हवेचा बुडबुडा अडकलाय हे ओळखणारं प्रशिक्षित माणूस लागतं. ते नसेल तर ते यंत्र घेऊच नका, असं मी स्पष्ट सांगतो.

पेटीच्याही आधीचा एक टप्पा आहे, ज्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही आणि ज्यावर सर्जनचा थेट ताबा असतो. महाधमनीत नळी घालून थंड द्रावण सुरू केलं, पोटात बर्फ भरला, की सगळ्यांना हायसं वाटतं. पण दीड किलोचा अवयव इतक्या लवकर गार होत नाही. यकृत शरीरातून बाहेर येईपर्यंत त्याचा गाभा चार अंशांच्या बराच वर असतो. त्यामुळे पोटात नळी घातल्यापासून यकृत बाहेर येईपर्यंतचा वेळ लांबला की निकाल बिघडतात. साठ मिनिटं लावणाऱ्या सर्जनचं यकृत आणि तीस मिनिटं लावणाऱ्याचं यकृत एकसारखं नसतं, दात्याचे बाकी आकडे तंतोतंत जुळले तरी. डीसीडीचं काम शिकाऊ हातांना एकटं सोपवू नये असं मी म्हणतो ते याच कारणाने. आणि दुसरी एक साधी, बिनयंत्राची गोष्ट: पित्ताशय रिकामं करा, पित्तनलिका थंड द्रावणाने आतून नीट धुवा, एकदा नव्हे, बाहेर येणारा द्रव स्वच्छ होईपर्यंत. दोन मिनिटांचं काम आहे. दमलेल्या टीमकडून नेमकं तेच राहून जातं.

आता यंत्रं. तीन तऱ्हा आहेत आणि तिन्ही वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात.

पहिल्या तऱ्हेत यकृत शरीरातच असतं. मृत्यू घोषित झाल्यावर पोटातल्या अवयवांपुरतं रक्ताभिसरण एक्मोसारख्या, शरीराबाहेर रक्तात ऑक्सिजन भरून ते फिरवणाऱ्या पंपाने पुन्हा सुरू करतात आणि सुमारे दोन तास चालू ठेवतात. छातीतली महाधमनी आधी बंद केली जाते, म्हणजे मेंदूकडे रक्त जाणार नाही. ही अट काटेकोर पाळली जाते आणि ती पाळलीच पाहिजे. याला नॉर्मोथर्मिक रीजनल परफ्यूजन, थोडक्यात एनआरपी म्हणतात. स्पेनने यात आघाडी घेतली. तिथल्या २०१९ च्या एका मोठ्या तुलनेत एनआरपीच्या ९५ यकृतांत पित्तनलिकांचा हा आजार २ टक्के होता, झटपट थंड करून काढलेल्या ११७ यकृतांत १३ टक्के. तो अभ्यास चिठ्ठ्या टाकून वाटलेला नव्हता, हे लक्षात ठेवायचं. पण केंब्रिजचा अनुभवही त्याच दिशेचा आहे. एनआरपीची खरी गंमत अशी की यकृत दात्याच्या शरीरातच आपली परीक्षा देतं. दर अर्ध्या तासाला रक्त काढायचं, लॅक्टेट उतरतंय का, एएलटी (यकृतपेशींना इजा झाली की रक्तात उतरणारं विकर) चढतंय का पाहायचं. एएलटी झपाट्याने वर चाललं असेल तर तिथेच थांबता येतं. घेणाऱ्या रुग्णाला भूल देण्याआधीच निर्णय होतो. आणि सर्जनला घाई न करता, मेंदूमृत दात्याप्रमाणे शांतपणे यकृत सोडवता येतं. जिथे कायदा परवानगी देतो आणि टीम तयार आहे, तिथे डीसीडीची सुरुवात एनआरपीने व्हावी असं माझं मत आहे. पण सगळीकडे कायदा आणि नीतीच्या समित्या याला राजी नाहीत, आणि त्यांच्या शंका उडवून लावण्यासारख्या नाहीत.

दुसरी तऱ्हा थंड यंत्राची: यकृत आणल्यावर, लावण्यापूर्वी एक-दोन तास, साधारण दहा अंशांवर, भरपूर ऑक्सिजन मिसळलेलं द्रावण पोर्टल शिरेतून फिरवायचं. याला होप म्हणतात. धमनीतूनही फिरवलं तर डीहोप. दाब अगदी कमी ठेवायचा, पोर्टलमध्ये पाच मिलिमीटरच्या आत आणि धमनीत पंचवीसच्या आसपास. रक्त लागत नाही. इथे त्या सक्सिनेटची गोष्ट आठवा. ऑक्सिजन थंडीत दिला की ते हळूहळू, धग न होता जळतं, एटीपी पुन्हा भरतं, आणि मग शरीरात गरम रक्त मिळतं तेव्हा लोंढा सुटत नाही. झ्युरिक आणि ग्रोनिंगेनच्या गटांनी हे चिकाटीने उभं केलं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, युरोपातल्या सहा केंद्रांच्या चाचणीत डीसीडी यकृतांची चिठ्ठ्या टाकून वाटणी केली होती. सहा महिन्यांत त्रास देणारं पित्तनलिकांचं आक्रसणं निव्वळ पेटीच्या गटात १८ टक्के आणि दोन तास डीहोप मिळालेल्या गटात ६ टक्के होतं. रक्त सुरू करताच रक्तदाब कोसळण्याचं प्रमाणही २७ वरून १२ टक्क्यांवर आलं. मला हे आकडे मनापासून पटतात, कारण ज्या गोष्टीची भीती आहे तीच गोष्ट इथे मोजली आहे.

तिसरी तऱ्हा ३७ अंशांची. लाल रक्तपेशी, ऑक्सिजन, हेपारिन, इन्सुलिन, पोषण, पित्ताम्लं, सगळं देऊन यकृत यंत्रावर जिवंत चालवायचं. ते पित्त तयार करतं, साखर हाताळतं, लॅक्टेट खातं. ऑक्सफर्डच्या गटाने पुढाकार घेतलेली २०१८ ची चाचणी २२० प्रत्यारोपणांची. पेशींच्या इजेचं मोजमाप निम्म्यावर आलं, फेकून द्यावी लागणारी यकृतं निम्मी झाली, आणि जपणुकीचा सरासरी वेळ ५४ टक्क्यांनी वाढवता आला. पित्तनलिकांच्या आक्रसण्यात मात्र ठोस फरक दिसला नाही. अमेरिकेत अशा दोन यंत्रांना २०२१ मध्ये परवानगी मिळाली. रात्री तीनची शस्त्रक्रिया सकाळी आठला करता येणं, दोन रुग्णांची वेळ जुळवता येणं, हे फायदे छोटे नाहीत. पण सर्वांत मोठा फायदा परीक्षेचा आहे, आणि तुमचा मूळ प्रश्न तिथेच आहे.

लॅक्टेट का उतरतं? यकृतपेशी ते वापरतात म्हणून. पण हे काम मुख्यतः यकृताच्या ज्या भागाला ऑक्सिजन सर्वांत आधी मिळतो, त्या पोर्टलजवळच्या पेशी करतात. यकृताचा थोडा हिस्सा धडधाकट असला तरी यंत्रातल्या दोन-तीन लिटर द्रवातलं लॅक्टेट उतरवायला तो पुरतो. मध्यशिरेभोवतीच्या, ऑक्सिजन शेवटी मिळणाऱ्या पेशी होरपळलेल्या असल्या तरी आकडा देखणा येऊ शकतो. म्हणून लॅक्टेट न उतरणं ही धोक्याची घंटा मानायची. उतरणं हे प्रशस्तिपत्र मानायचं नाही. आणि पित्तनलिकांबद्दल तर ते चकार शब्द बोलत नाही.

याचा पुरावाही आहे. बर्मिंगहॅमच्या गटाने २०२० मध्ये एक धाडसी अभ्यास प्रसिद्ध केला. सगळ्या केंद्रांनी नाकारलेली ३१ यकृतं त्यांनी ३७ अंशांच्या यंत्रावर लावली. चार तासांत लॅक्टेट २.५ मिलिमोलपर्यंत उतरलं पाहिजे, आणि जोडीला पित्त, पीएच (आम्ल-क्षारतेचं माप), साखर, रक्तप्रवाह वगैरेंपैकी किमान दोन गोष्टी जमल्या पाहिजेत, असे निकष ठेवले. २२ यकृतं वापरली गेली आणि नव्वद दिवसांनी सगळे रुग्ण जिवंत होते. नाकारलेल्या यकृतांतून बावीस माणसं! मी तो निकाल वाचला तेव्हा खरोखर आनंद झाला. पण पुढे त्यातल्या चौघांना पित्तनलिका आक्रसल्यामुळे पुन्हा प्रत्यारोपण लागलं. निकष यकृतपेशींचे होते, आणि त्या परीक्षेत यकृतपेशी उत्तीर्ण झाल्या.

मग नलिकांची परीक्षा कशी घ्यायची? त्यांच्याच कामावरून. जिवंत नलिकापेशी पित्तात बायकार्बोनेट सोडतात आणि पित्तातली साखर परत शोषून घेतात. म्हणून यंत्रावर तयार झालेलं पित्त तपासायचं: क्षारीय आहे का, आणि त्यातली साखर परफ्युजेटपेक्षा, म्हणजे यंत्रात फिरणाऱ्या द्रवापेक्षा, बरीच कमी आहे का. केंब्रिजच्या गटाने पित्ताचं पीएच ७.५ च्या वर जाणं महत्त्वाचं धरलं. ग्रोनिंगेनने अडीच तासांत ७.४५ च्या वर, परफ्युजेटचं लॅक्टेट १.७ च्या खाली आणि किमान दहा मिलिलिटर पित्त, असे निकष वापरले. नमुना घेण्याची पद्धत इथे फार महत्त्वाची आहे. पित्त उघड्या भांड्यात साचू दिलं तर कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि पीएच खोटं वाढतं. ताजं पित्त, तेलाच्या थराखाली किंवा थेट नळीतून सिरिंजमध्ये घ्यायचं आणि लगेच ब्लड गॅसच्या यंत्रात घालायचं.

किती पित्त आलं याला मी कमी महत्त्व देतो. पहिल्या दोन तासांत थेंबभरही पित्त न दिलेलं एक यकृत आम्ही बाकी सगळं उत्तम म्हणून लावलं आणि ते झकास चाललं. याउलट एक यकृत मला विसरता येत नाही. दाता तरुण होता, पण रक्तदाब पन्नासच्या खाली बराच वेळ रेंगाळला होता. यंत्रावर दीड तासातच लॅक्टेट उतरलं. सोनेरी पित्त धो धो येत होतं. खोलीतले सगळे खूश होते. पित्ताचं पीएच ७.२ आलं आणि साखर परफ्युजेटइतकीच. टीममधल्या धाकट्या सहकाऱ्याने ते दोनदा मोजून मला दाखवलं. वाट पाहणारा रुग्ण फार आजारी होता आणि मी लॅक्टेटवर विसंबलो. पाचव्या महिन्यात त्या रुग्णाच्या नलिका माळेच्या मण्यांसारख्या आक्रसलेल्या दिसल्या. त्याला दुसरं यकृत मिळालं, तो वाचला; पण मधले सहा महिने त्याने जे सोसलं ते मी टाळू शकलो असतो. तेव्हापासून पित्ताचं पीएच आणि साखर लिहिल्याशिवाय आमच्याकडे 'हो' म्हणत नाहीत.

थंड यंत्रावर पित्त बनत नाही, पण तिथेही एक खिडकी आहे. मायटोकॉन्ड्रियाचं पहिलं संकुल जखमी झालं की त्यातून फ्लेविन मोनोन्यूक्लिओटाइड, एफएमएन, सुटतं आणि द्रावणात उतरतं. ते प्रकाशात चमकतं, त्यामुळे द्रावणातच मोजता येतं. झ्युरिकच्या गटाने हे दाखवलं, आणि पहिल्या अर्ध्या तासातच अंदाज येतो. यातून यकृत चालेल की नाही याचा कल चांगला कळतो. नलिकांबद्दल थेट उत्तर मात्र मला अजून पित्तातूनच घ्यावंसं वाटतं.

म्हणून संशयाच्या यकृताला दोन्ही द्यायचं, ही ग्रोनिंगेनची वाट मला सर्वांत तर्कशुद्ध वाटते: आधी थंडीत ऑक्सिजन देऊन मायटोकॉन्ड्रिया सावरायचे, मग हळूहळू तापवत ३७ अंशांवर न्यायचं आणि तिथे परीक्षा घ्यायची. ज्या डीसीडी यकृताचे आकडे साधे सरळ आहेत त्याला मी होप देऊन लावतो, परीक्षेच्या फंदात पडत नाही. ज्याचा वॉर्म इस्केमिया लांबला, दात्याचं वय जास्त आहे किंवा थंड अवस्थेचा वेळ वाढणार आहे, त्याला पित्ताची परीक्षा द्यावीच लागते. आणि जे यकृत चरबीने भरलेलं आहे, मोठ्या थेंबांची चरबी तीस टक्क्यांच्या वर, ते डीसीडीतलं असेल तर मी शक्यतो घेतच नाही. डोळ्यांना आणि बोटांना ते कळतं, पण तरी बायोप्सी करावी. कडा गोलसर आणि रंग पिवळट दिसला की मनाला पटतं, पण आकडा सांगतं ते सूक्ष्मदर्शक.

कुणाला लावायचं हा निर्णयही परीक्षेचाच भाग आहे. जोखमीचं डीसीडी यकृत, दुसऱ्यांदा प्रत्यारोपण होणाऱ्या किंवा अतिशय खालावलेल्या रुग्णाला लावणं म्हणजे दोन संकटं एकत्र बांधणं. यकृताचा कर्करोग असलेला पण तब्येतीने बरा रुग्ण ते सोसू शकतो, आणि त्याला थांबणंही परवडत नाही. त्या रुग्णाशी प्रतीक्षायादीत नाव घालतानाच हे बोलायला हवं, फोन वाजल्यावर मध्यरात्री नव्हे. 'नलिकांचा त्रास होऊ शकतो, कदाचित पुन्हा शस्त्रक्रिया लागेल' हे शांतपणे ऐकलेला माणूस चौथ्या महिन्यात खाज सुटली की त्याच दिवशी फोन करतो.

तुम्ही अतिदक्षता विभागात आहात, म्हणून एक विनंती. आमचे अर्धे निर्णय तुमच्या कागदावर उभे असतात. व्हेंटिलेटर काढल्यापासून दर मिनिटाला वरचा आणि खालचा रक्तदाब, नाडी आणि ऑक्सिजनची पातळी लिहा. शक्यतो धमनीतल्या नळीवरचा दाब लिहा, दंडावरच्या पट्ट्याचा नको. दाब पडल्यावर पट्टा भरवशाचा राहत नाही. बोटावरचा ऑक्सिजन वाचत नसेल तर 'वाचत नाही' असं लिहा, रकाना मोकळा सोडू नका. रक्तदाब ५० च्या खाली गेल्याची वेळ, हृदय थांबल्याची वेळ आणि मृत्यू घोषित झाल्याची वेळ एकाच घड्याळावरून घ्या. मॉनिटरचं घड्याळ आणि भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटांनी वेगळं असल्याचं मी पाहिलंय, आणि तीस मिनिटांच्या हिशोबात चार मिनिटं फार होतात. हे सगळं कुटुंबाच्या शेजारी उभं राहून, त्यांच्या निरोपात अडथळा न आणता करावं लागतं, हे मला ठाऊक आहे. पडद्याच्या मागे एका परिचारिकेला हेच एक काम दिलं, तर ते जमतं.